आयरिश चर्चच्या जुन्या नोंदी "काढून देतो" म्हणणाऱ्याने आमचे साडेसहाशे युरो खाल्ले

मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण डब्लिन-कॉर्कला आता आपली मंडळी बरीच झालीत, काहींची लग्नंही इकडच्या घरांत झालीत आणि सासरचं कोणी ना कोणी कधीतरी फॅमिली ट्री काढायच्या नादाला लागतंच. आमच्याकडे लागली ती सासूबाईंच्या माहेरची एक लांबची नातेवाईक, बॉस्टनला असते. सासूबाईंचे आजोबा आणि तिचे पणजोबा सख्खे भाऊ, एक केरी काउंटीत (म्हणजे इकडच्या जिल्ह्यात) शेतीवर राहिला, दुसरा बोटीने अमेरिकेला गेला. त्या भावांचे आईवडील कोण, कुठल्या गावचे, हे शोधायचं होतं. एवढंच काम.

तिला फेसबुकवर एक माणूस भेटला, स्वतःला आयरिश वंशावळीचा एक्सपर्ट म्हणवणारा. त्याचं पहिलंच वाक्य असं की 1922 ला डब्लिनच्या आगीत चर्चचं सगळं रेकॉर्ड जळालं, जे थोडं वाचलं ते डायोसीसच्या (बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) तिजोरीत आहे, बाहेरच्यांना दाखवत नाहीत, मला मात्र आत जाता येतं. यात गंमत अशी की आग खरीच लागली होती. 30 जून 1922, सिव्हिल वॉर सुरू झालेलं, फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात स्फोट होऊन तिथलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळून खाक झालं. अमेरिकेतल्या प्रत्येक आयरिश घरात ही गोष्ट माहीत असते, त्यामुळे तो बोलला ते सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी मिळून पैसे काढले, आम्हीही दिले. मला त्यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतंच, नाशिक-त्र्यंबकला आपले क्षेत्रोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या काढून दाखवतात तेव्हा आपण दक्षिणा देतोच की.

आधी दोनशे युरो ॲक्सेस फी. मग रजिस्टर लॅटिनमध्ये आहे म्हणून वाचणाऱ्याचे दीडशे. मग शिक्क्याची प्रत हवी तर आणखी तीनशे. सगळे पैसे पेपलवर "फ्रेंड्स अँड फॅमिली" करून मागितले, म्हणे त्यात कमिशन कापलं जात नाही. कमिशन बऱ्याचदा वाचतं हे खरं, पण त्या प्रकारात पेपलचं खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही लागू होत नाही हे तो कशाला सांगेल.

शेवटी एक पीडीएफ आली. वर कोट ऑफ आर्म्स, म्हणजे घराण्याचं चिन्ह (डब्लिनच्या टुरिस्ट दुकानांत मगवर छापलेला असतो तोच), मग झाड, थेट 1702 पर्यंत गेलेलं, आणि मागे रजिस्टरच्या पानांचे काळेपांढरे फोटो, कोपऱ्यात कसलातरी लाल शिक्का. बॉस्टनला आनंदीआनंद. इकडे सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, हे गाव डोंगराच्या पलीकडचं आहे, आमची माणसं तिकडे कधीच नव्हती. आणि आजीच्या तोंडून ऐकलेलं पणजीचं माहेरचं आडनाव यात कुठे आहे?

तिथून मी खणायला घेतलं.

त्या आगीत काय जळलं? चर्च ऑफ आयर्लंडची, म्हणजे प्रोटेस्टंटांची, अर्ध्याहून जास्त रजिस्टरं, कारण ती सरकारकडे जमा केलेली होती. 1821 ते 1851 च्या जनगणनेचे बहुतेक कागद. मृत्युपत्रं. (1861 ते 1891 च्या जनगणना तर सरकारने स्वतःच आधी नष्ट केल्या होत्या, त्याचा आगीशी संबंध नाही.) कॅथलिक रजिस्टरं तिथे नव्हतीच, ती आपापल्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) पाद्र्यांच्या कपाटात होती, त्यामुळे वाचली. नंतर नॅशनल लायब्ररीने त्यांची मायक्रोफिल्म केली आणि जुलै 2015 पासून ती सगळी पानं ऑनलाइन आहेत, हजारावर पॅरिश, साधारण 1880 पर्यंतची. पैसे नाहीत, लॉगिनसुद्धा नाही.

म्हणजे तिजोरी वगैरे सगळी थाप. आम्हाला पाठवलेले फोटो याच मायक्रोफिल्मचे होते, कडा कापलेल्या. मला तेच पान सापडलं, तोच शाईचा डाग, तोच फाटका कोपरा, फक्त लाल शिक्का नाही.

आता ही माणसं कशावर पोट भरतात तर लायब्ररीच्या साइटवर नावाने सर्च होत नाही यावर. पॅरिश, वर्ष, महिना निवडून पान पान वाचत बसावं लागतं, अक्षर भयंकर, बरंचसं लॅटिन. नवीन माणूस तासाभरात कंटाळतो. पण आमचं काम केरीचं होतं आणि केरीच्या नोंदी आयरिश जिनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर नावाने शोधता येतात, तेही फुकट. तिथे केरी, डब्लिन शहर आणि कॉर्कचा बराच भाग आहे. बाकी बऱ्याच काउंट्यांसाठी रूट्सआयर्लंड आहे, तिथे पैसे पडतात पण ते उघड आहे, काय मिळेल ते आधी लिहिलेलं असतं.

शोधायची पद्धत उलटी ठेवायची, जवळून लांब जायचं. सासूबाईंच्या आजोबांना आधी 1901 च्या जनगणनेत पकडलं, ती नॅशनल अर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट आहे. मग सरकारी लग्नाची नोंद, त्यात नवरा-नवरी दोघांच्या बापांची नावं आणि धंदा असतो. मग जन्माची, कारण 1864 पासून सगळ्यांचीच सरकारी नोंद आहे. आणि मग चर्चमधला बाप्तिस्मा, त्यात आईचं माहेरचं आडनाव, गॉडपेरंट्स आणि बहुतेकदा वाडीचं नाव. आईचं माहेरचं आडनाव नसेल तर केरीत काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या भागात एकेका पॅरिशमध्ये एकाच नावाचे, सलिव्हन आडनावाचे चार-पाच जण एकाच वेळी बाप होत होते. आमच्या त्या एक्सपर्ट महाशयांनी त्यातला पहिला दिसला तो उचलला होता.

एक गोष्ट मला फार आवडली. खरी नोंद सापडली तेव्हा बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या आधीची निघाली! घाबरून गेले मी. पण हे आयर्लंडमध्ये नेहमीचं आहे, जन्म उशिरा नोंदवला की दंड, म्हणून आईबाप रजिस्ट्रारला जन्मतारीख पुढची सांगत, चर्चमध्ये मात्र खरी. बॉस्टनवालीने त्या एक्सपर्टला सहज विचारून पाहिलं की असं का असेल, तर म्हणाला चर्चची चूक आहे, दुरुस्तीची फी नव्वद युरो.

आणि ते 1702? आमच्या पॅरिशचं रजिस्टरच 1820 नंतर सुरू होतं, लायब्ररीच्या साइटवर प्रत्येक पॅरिशसमोर सुरुवातीचं वर्ष दिलेलं असतं. त्याच्या मागची नावं आली कुठून? ग्रामीण आयर्लंडमधल्या साध्या कुळांच्या शेतकऱ्याची वंशावळ कोणी 1700 पर्यंत नेऊन देत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या पानावर.

पैसे घेऊन काम करणारे सगळेच चोर नाहीत हेही सांगते. अक्रेडिटेड जिनिऑलॉजिस्ट्स आयर्लंड म्हणून संस्था आहे, तिचे सदस्य तासाचे पैसे लावतात, आधी लेखी सांगतात, आणि नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणतात. डब्लिनला असाल तर किल्डेअर स्ट्रीटवर नॅशनल लायब्ररीत सल्ला फुकट मिळतो. प्रोटेस्टंट घराणं असेल तर डब्लिनमधली आरसीबी लायब्ररी (चर्च ऑफ आयर्लंडची) आणि उत्तरेकडच्या सहा काउंट्यांसाठी, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडसाठी, बेलफास्टचं प्रोनी (तिथलं सरकारी रेकॉर्ड ऑफिस). 1880 नंतरचं थेट पॅरिशला ईमेल करून विचारा, लोक थोडी देणगी देतात, तिला कोणी ॲक्सेस फी म्हणत नाही.

पैसे परत मागितले तर रिफंडचं नाव नाही, उलट नवीनच ऑफर, पणजोबांच्या बाप्तिस्म्यावरून आयरिश पासपोर्ट काढून देतो, बाराशे युरो. हे ऐकून तर बॉस्टनवालीचा मुलगा हुरळूनच गेला होता, त्याला कसंबसं थांबवलं. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये (परदेशात जन्मलेल्यांना आयरिश नागरिकत्व मिळतं त्या सरकारी नोंदवहीत) नाव घालता येतं. पणजोबांवरून जायचं तर तुमच्या जन्माच्या आधी तुमच्या आईने किंवा वडिलांनी तिथे नाव घातलेलं असावं लागतं, आणि कागद लागतात ते सरकारी, चर्चचा लाल शिक्का तिथे कोणी विचारत नाही.

बॉस्टनवालीने तिकडे तक्रार केलीय, पैसे काही परत आलेले नाहीत. त्याचं पेज बंद झालं. मागच्या आठवड्यात दुसऱ्या नावाने तसंच एक पेज दिसलं, या वेळी स्कॉटलंडच्या नोंदी काढून देतोय.