पर्णपुच्छ गेकोची जोडी पाळायची, तर कोणती?

सुकलेल्या पानासारखी शेपटी, तिच्यावर मधली शीर, कडा किड्यांनी कुरतडल्यासारख्या. पर्णपुच्छ गेकोचा, म्हणजे पानासारख्या शेपटीच्या या पालीचा, असा एखादा फोटो बघितला की माणूस पाघळतो आणि लगेच 'जोडी कुठे मिळेल' असं विचारायला लागतो. जोडी ठेवून पिल्लंही काढायची असतील, तर निवड फोटोवर ठरवू नका. दोन गोष्टी आधी तपासा: तुमच्या खोलीतला वर्षातला सगळ्यात गरम दिवस किती तापतो, आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या तोंडात मावेल इतकं बारीक जिवंत खाद्य तुम्ही सतत पुरवू शकता का. या दोन उत्तरांवर बहुतेकांचा निर्णय आपोआप लागतो.

तुलनेसाठी तीन उमेदवार घेतो. पहिला युरोप्लेटस फँटास्टिकस, फोटोतला तोच (युरोप्लेटस हे पर्णपुच्छ गेकोंच्या गटाचं शास्त्रीय नाव). पूर्व मादागास्करच्या पर्जन्यवनातला, रानोमाफानासारख्या डोंगराळ जंगलात राहणारा, शेपटीसकट जेमतेम ९-१० सेंमी. दुसरा युरोप्लेटस हेंकेलाय, मादागास्करच्या वायव्य भागातला, नोसी बे बेटावरही सापडणारा. हा २५ सेंमीच्या पुढे जातो, आणि त्याची सोंगं पानाची नसून झाडाच्या सालीची असतात. तिसरा क्रेस्टेड गेको. हा युरोप्लेटस नाहीच, प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटांचा रहिवासी आहे. तरी त्याला मुद्दाम आणलं, कारण 'मला अंडी आणि पिल्लं बघायची आहेत' असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर तोच हवा असतो, फक्त त्यांना ते माहीत नसतं. नामशेष झाला असं धरून चाललेला हा प्राणी १९९४ मध्ये पुन्हा सापडला, आणि आज तो घरात वाढवल्या जाणाऱ्या गेकोंमध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे.

उष्णता

सरपटणारा प्राणी म्हटलं की लोक आधी तापवायचा दिवा आणतात. इथे उलटं आहे. तिघांनाही ऊब कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका मोठा.

फँटास्टिकसला दिवसा २० ते २३ अंश सेल्सियस आणि रात्री १८ च्या आसपास लागतं. पारा २६ च्या वर गेला की तो खाणं सोडतो, तोंड उघडं ठेवून बसतो, आणि ते दिवस लांबले तर दगावतो. हेंकेलाय थोडा खमका आहे, दिवसा २४ ते २७ त्याला मानवतं, पण रात्री गारवा त्यालाही हवाच. क्रेस्टेड २२ ते २६ मध्ये खूश असतो. 'क्रेस्टेडला काहीही चालतं' हे जे सर्रास सांगितलं जातं ते खोटं आहे. २८ च्या वर सलग राहिलं तर तोही आजारी पडतो. फरक इतकाच की एखाद्या दिवसाची चूक तो पचवतो, फँटास्टिकस पचवत नाही.

पेटीवर बर्फाची बाटली ठेवणं ही एका दुपारची मलमपट्टी. दर उन्हाळ्यात खोली ३० च्या पुढे जात असेल आणि ती दिवसरात्र गार ठेवायची तयारी नसेल, तर फँटास्टिकसचा विचार इथेच सोडून द्या. हेही लक्षात घ्या की एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे गारवा मिळवताना ओलावा जातो आणि फवारणी वाढवावी लागते.

ओलावा आणि पेटी

युरोप्लेटसला ओलसर हवा लागते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती हलती असावी लागते हे कमी जणांना. बंद काचेची पेटी दिवसभर घामेजलेली ठेवली तर कातडीवर डाग, श्वसनाचे आजार, कोपऱ्यात बुरशी, असं सगळं मागून येतं. संध्याकाळी दिवे मालवताना भरपूर फवारा मारायचा, रात्रभर आर्द्रता ८०-९० टक्क्यांपर्यंत चढू द्यायची, आणि दुपारपर्यंत पानं कोरडी होऊ द्यायची. छत जाळीचं, एखादी बाजूही जाळीची असेल तर उत्तम.

वाटीत पाणी ठेवलं म्हणून हे प्राणी पितील याची खात्री नाही. फवारणीनंतर अर्ध्या तासाने मंद लाल उजेडात बघा: गेको आधी जीभ बाहेर काढून स्वतःच्या डोळ्यावरून फिरवतो, कारण पापण्याच नाहीत, आणि मग पानावरचा थेंब टिपतो, मग पुढचा. हे रोज दिसलं पाहिजे. कुशीवर चुण्या पडायला लागल्या किंवा डोळे आत गेले तर पाणी कमी पडतंय असं समजा.

पेटीच्या बाबतीत फँटास्टिकसच्या जोडीला ४५ × ४५ × ६० सेंमी पुरतं. आत बारीक काटक्या, जिवंत रोपं आणि तळाशी सुक्या पानांचा जाड थर. हेंकेलायला ६० × ६० × ९० हे कमीत कमी, १२० उंची असेल तर बरं. त्याला काटक्यांचा उपयोग नाही. तो दिवसा डोकं खाली करून खोडाला चिकटून झोपतो आणि अंगाच्या कडेची कातडीची झालर सालीवर अशी दाबून बसवतो की त्याची सावलीही पडत नाही. त्यामुळे त्याच्या अंगापेक्षा रुंद असं उभं खोड किंवा सालीचा सरळ तुकडा लागतोच. क्रेस्टेडचे कसले नखरे नाहीत. फँटास्टिकसएवढीच पेटी, चार फांद्या, थोडी पानं.

दिवसा या तिघांपैकी कुणीही करमणूक करणार नाही. हेंकेलायला डिवचलं तर शेपटी उभारून, जबडा पूर्ण फाकून तो भडक रंगाचं तोंड दाखवतो आणि ओरडतो. एकदा बघायला मजा वाटते, पण तो त्याच्यासाठी धसका असतो. हातात घ्यायचं असेल तर फक्त क्रेस्टेड, तोही जपून, कारण शेपटी एकदा टाकली की त्याला पुन्हा येत नाही.

जोडी खरंच जोडी आहे का?

नर ओळखणं मोठ्या वयात अवघड नाही. शेपटीच्या बुडाशी फुगवटा दिसतो. फँटास्टिकसमध्ये नराच्या शेपटीच्या कडेला खाचा जास्त असतात. अडचण असते ती जातीची. विक्रीला आलेल्या प्राण्यावर 'फँटास्टिकस' लिहिलेलं असतं, पण दिसायला जवळजवळ तशाच आणखीही जाती आहेत. ईशान्य मादागास्करमधल्या मारोजेजीच्या जंगलातली युरोप्लेटस फिनारित्रा २०१९ मध्येच वेगळी नोंदवली गेली. नर एका जातीचा आणि मादी दुसऱ्या जातीची अशी 'जोडी' घरी आणली तर पिल्लांची आशा नाही, किंवा आली तरी ती कुणाच्याच उपयोगाची नाहीत. सिकोरी आणि सामैती या मधल्या आकाराच्या जातींचंही तेच, वरून ओळखू येत नाहीत. त्यांचं तोंड उघडलेलं बघावं लागतं: सिकोरीचं आतून काळसर, सामैतीचं गुलाबी. म्हणून एकाच पैदासकाराकडून, आईबाप माहीत असलेले दोन प्राणी घेणं चांगलं. क्रेस्टेडमध्ये ही डोकेदुखी नाही.

जंगलातून पकडलेली जोडी मोठी असते, लगेच अंडी देईल असं वाटतं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा पाळणाऱ्याने ती घेऊ नये. प्रवासात सुकलेले, जंतांनी आणि एकपेशीय परजीवींनी भरलेले प्राणी बरेचदा काही आठवड्यांत मरतात, आणि तुम्हाला वाटतं आपलंच चुकलं. तरी घेतलेच तर वेगवेगळे ठेवा, विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्या, वजन चढल्यावरच एकत्र आणा.

अंडी

खरा फरक इथे आहे. तिघीही एका वेळी साधारण दोन अंडी घालतात, साम्य तिथेच संपतं.

युरोप्लेटसचं अंडं गोल, टणक चुनखडी कवचाचं. क्रेस्टेडचं लांबट, चामड्यासारखं मऊ. टणक कवच आतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे त्याला चिंब माती नको. भोवतीची हवा दमट असली की पुरे, उलट ओल्या भुशात पुरलं तर कुजतं. क्रेस्टेडचं अंडं मात्र ज्यात ठेवलंय त्यातलं पाणी शोषून फुगतं, म्हणून त्याच्याखाली ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (पाणी धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) लागतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावली की अंडी वाया जातात.

ती सापडणं हेही एक काम. क्रेस्टेडला ओल्या मातीचा डबा ठेवला तर मादी बहुधा त्यातच पुरते. फँटास्टिकसची मादी सुक्या पानांच्या थरात, कधी रोपाच्या खोबणीत वाटाण्याएवढी अंडी सोडून जाते. कालपर्यंत फुगलेलं तिचं पोट आज सपाट दिसलं की एकेक पान उचलून बघायचं. सापडलेलं अंडं फिरवायचं नाही. वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करायची आणि त्याच स्थितीत उबवायच्या डब्यात ठेवायचं.

फँटास्टिकसची अंडी २०-२२ अंशांवर सुमारे दोन ते तीन महिने घेतात, हेंकेलायची अंदाजे तीन, कधी त्याहून जास्त. क्रेस्टेडची खोलीच्याच तापमानाला दोन ते चार महिन्यांत फुटतात. घाई करून तापमान वाढवू नका. पिल्लं लवकर येतात पण दुबळी निघतात.

कवचाचा चुना मादीच्या शरीरातून जातो. खाद्यावर कॅल्शियमची भुकटी, अधूनमधून डी३ जीवनसत्त्व, आणि सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा यांत कंजुषी केली तर आधी मादी खचते. नर सतत मागे लागला तर त्याला काही आठवडे वेगळं करा. मादी शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे अंडी लगेच थांबतीलच असं नाही.

पिल्लं

क्रेस्टेडचं पिल्लू पहिली कात टाकल्यावर तयार फळांच्या भुकटीवर वाढतं. हेंकेलायचं पिल्लू लहान रातकिडे पकडू शकतं. फँटास्टिकसच्या पिल्लाला मात्र नुकते जन्मलेले रातकिडे, न उडणाऱ्या फळमाश्या आणि स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले अगदी बारीक किडे) लागतात, म्हणजे हे तिन्ही तुमच्याकडे अंडी फुटायच्या आधीपासून वाढत असले पाहिजेत. पिल्लू जन्मल्यावर ऑर्डर दिलेली माशी उपयोगाची नाही.

तर असं: खोली वर्षभर थंड, किड्यांच्या बरण्या आधीच चालू आणि दोन-चार वर्षं गेको पाळल्याचा अनुभव असेल तर फँटास्टिकस घ्या. जागा भरपूर आणि उष्णता थोडी जास्त असेल तर हेंकेलाय. माझ्या मते युरोप्लेटसमध्ये सुरुवातीला हाच बरा. आधी काहीच पाळलेलं नसेल तर क्रेस्टेडची एक जोडी दोन हंगाम सांभाळा.

युरोप्लेटसच्या सगळ्या जाती २००५ पासून साइटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे कागद आधी आणि प्राणी नंतर. परवान्यावरचं स्रोताचं अक्षर वाचा: 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातला, 'सी' म्हणजे बंदिवासात पैदा केलेला, 'एफ' म्हणजे बंदिवासात जन्मलेला पण 'सी'च्या अटीत न बसणारा. आपल्या देशात ठेवणं, जन्मलेल्या पिल्लांची नोंद आणि त्यांचं हस्तांतर यांचे नियम वेगळे असू शकतात, ते विकत घेण्याआधी वनविभागाकडून लेखी समजून घ्या, आणि आईबापांचे कागद जपून ठेवा. पुढे पिल्लं कुणाला द्यायची झाली तर घेणारा आधी तेच मागेल.