डोक्याला चुना

फसवणूक झाली की आपण म्हणतो, ‘चुना लावला’. आमच्या बाबतीत तो खरोखरचा चुना होता आणि लागला माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या डोक्याला. 41 पाउंड गेले, त्यांचं आता काही वाटत नाही. कपाळावरचे केस गेले, ते मात्र अजून बोटभरच वाढलेत.

मी मूळची कराडची. लग्न होऊन लंडनला, टॉटनहॅममध्ये. नवऱ्याचं घराणं घानामधलं, कुमासीचं. लेकीने नाक माझ्या आईचं घेतलं, केस मात्र पूर्ण बापाकडचे. अशा घरातल्या सगळ्याच मुलांचे केस असे होतात असं नाही, हिचे झाले. बॉलपेनच्या आतली स्प्रिंग असते ना, त्याहूनही बारीक वळ्या. वाळले की जेमतेम मानेपर्यंत दिसतात, आणि एखादी बट ओढून धरली की पाठीच्या मध्यापर्यंत जाते.

हे केस दर रविवारी सासूबाई बघायच्या. घानात आजीला ‘नाना’ म्हणतात. माझ्या माहेरी नाना म्हणजे मोठे काका, मिशीवाले. त्यामुळे ‘नाना माझी वेणी घालते’ असं लेक फोनवर म्हणाली की तिकडे आधी शांतता आणि मग हशा. पण त्या वर्षी नाना आठ महिने कुमासीला जाऊन राहिल्या आणि ते डोकं माझ्या हातात आलं.

मला येत होतं काय? खोबरेल चोपडायचं, फणीने विंचरायचं आणि चापून वेणी घालायची. या केसांना हे तिन्ही चालत नाही. टाळूवरचं तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, वळ्यावळ्यांच्या केसांत ते मुळाशीच अडकतं. म्हणून हे केस आतून कोरडे असतात आणि प्रत्येक वळणावर तुटू शकतात. त्यांना आधी हवं असतं पाणी, तेल त्यानंतर. मी कोरड्या केसांवर खोबरेल थापत होते आणि कोरडेच विंचरत होते. पोर रडायची, मी चिडायचे. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, “विंचरत नाहीस का गं तिचे केस? जटा होतील.” आईच्या मनात जट म्हणजे निव्वळ गुंता नव्हे, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सलूनमध्ये वेण्या घालून घ्यायच्या तर 75 पाउंड आणि चार तास, तेही दर सहा आठवड्यांनी. माझी शाळेच्या कॅन्टीनमधली अर्धवेळ नोकरी, नवरा बसवर ड्रायव्हर. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा मन होईना. अशा अवस्थेत मला इन्स्टाग्रामवर तो व्हिडिओ दिसला.

हिच्याच वयाची मुलगी, हिच्यासारखेच केस. एक बाई पांढरं क्रीम लावते, पुसते, आणि कंगवा वरून खाली सरसर उतरतो. मुलगी हसतेय. नाव ‘हर्बल कर्ल सॉफ्टनर’. खाली लिहिलेलं: केमिकल-फ्री, लहान मुलांना चालणारं, रिलॅक्सर नाही.

ते शेवटचे दोन शब्द माझ्यासाठीच असावेत असं वाटलं. रिलॅक्सर म्हणजे केस कायमचे सरळ करायचं रसायन, आणि नानांची सक्त ताकीद होती की पोरीच्या डोक्याला ते लावायचं नाही. त्यांनी स्वतः तरुणपणापासून लावलं होतं. टाळूवर दोन जागा अशा आहेत की तिथे आता काहीच उगवत नाही. म्हणून मी त्या बाईला मेसेज करून स्पष्ट विचारलं. दोन मिनिटांत उत्तर: “नाही सिस, फक्त कोरफड, शिया आणि नारळ. माझ्या स्वतःच्या मुलीला लावते.” शिया म्हणजे आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांचं लोणी. आणि नारळ म्हटल्यावर मराठी बाई विरघळणारच.

38 पाउंड डबीचे, 3 पोस्टाचे. कार्डने द्यायचे तर 3 पाउंड जास्त पडतील, म्हणाली, बँक ट्रान्स्फर कर. केला. तीन पाउंड वाचवले. त्या तीन पाउंडांचं पुढे सांगते.

पार्सल आलं. मोठी डबी, औषधाच्या बाटलीएवढी एक छोटी बाटली, लाकडी पट्टी, प्लॅस्टिकचे हातमोजे आणि घडी घातलेला कागद. कागदावर लिहिलं होतं: बाटली डबीत ओता, नीट ढवळा. कपाळाला आणि कानांना आधी व्हॅसलीन लावा. 15 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. उरलेलं मिश्रण 24 तासांनंतर वापरू नका.

आता वाचताना तुम्हालाही कळत असेल. कोरफडीला हातमोजे कशाला? शियाला घड्याळ कशाला? रिठा-शिकेकाई लावताना आजीने कधी कपाळाला व्हॅसलीन फासलं होतं का? सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं, मी ते पूर्ण वाचलं आणि हातमोजे घातले.

पुढच्या भागाला आणि उजव्या बाजूला लावून झालं होतं. लेक टॅबवर कार्टून बघत होती. सहा-सात मिनिटांत म्हणाली, “आई, मुंग्या चावतायत.” मी म्हटलं थांब जरा, झालंच. नंतर ती म्हणाली, “आई, भाजतंय,” आणि टॅब खाली टाकला. ती टॅब टाकते म्हणजे काहीतरी खरंच होतंय. उचलून टबमध्ये नेली, शॉवर सोडला. नवऱ्याने 111 ला, म्हणजे इथल्या आरोग्यसेवेच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिकडून एकच गोष्ट परत परत सांगत होते, पाणी थांबवू नका, डोळ्यांत जाऊ देऊ नका. अर्धा तास पाणी सोडत होतो. कानामागे आणि कपाळाच्या कडेला बारीक फोड आले, दोनेक आठवड्यांत बरे झाले.

रात्री ती झोपल्यावर मी बाथरूम आवरायला गेले. टबच्या काठावर क्रीमचा गोळा सांडला होता, तो मी हाताला आलेल्या ओट्याच्या फडक्याने पुसला. फडक्यावर दुपारच्या आमटीचा हळदीचा डाग होता. तो डाग माझ्या डोळ्यांसमोर लाल झाला. कुंकवासारखा लाल.

हे ज्याच्या घरात कधी कुंकू केलं गेलंय त्याला सांगावं लागत नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होते. माझ्या आजीच्या हातून हे शंभरदा बघितलेलं. खात्री करायला मी बशीत डबीतलं थोडं क्रीम घेतलं आणि वर चिमूटभर हळद टाकली. पाणी शिंपडायचीही गरज पडली नाही.

मग डबी गरम पाण्यात धरून वरचं स्टिकर सोलून काढलं. खाली दुसरं लेबल होतं, अर्धं खरवडलेलं. त्यात जे वाचता आलं ते होतं: कॅल्शियम हायड्रॉक्साइड. म्हणजे भिजवलेला चुना. आजोबांच्या चंचीतल्या डबीत असायचा तोच.

नंतर सगळं समजून घेतलं. बाजारात ‘नो-लाय’ नावाचे रिलॅक्सर मिळतात, त्यांची मांडणी हीच. डबीत चुन्याचं क्रीम, बाटलीत ग्वानिडीन कार्बोनेट. दोन्ही एकत्र केले की ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते केसातले गंधकाचे दुवे तोडतं. केसाचं वळण त्या दुव्यांनी धरून ठेवलेलं असतं. तुटले की तो केस पुन्हा वळत नाही, नवा उगवेल तेवढाच वळणाचा. ‘लाय’ म्हणजे कॉस्टिक सोडा. ‘नो-लाय’ याचा अर्थ कॉस्टिक सोडा नाही, इतकाच. जाळणारा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, आहेच.

आणि गंमत अशी की हाच माल आमच्या गल्लीतल्या दुकानात उघडपणे सात-आठ पाउंडांना मिळतो. खोक्यात न्यूट्रलायझिंग शॅम्पूही असतो. अल्कली डोक्यात शिल्लक असेल तर त्यातल्या बऱ्याच शॅम्पूंचा फेस गुलाबी होतो, म्हणजे अजून धुवायचं आहे हे कळतं. इथल्या नियमाप्रमाणे असल्या मालावर घटकांची यादी आणि जबाबदार माणसाचं नाव-पत्ता लागतो. वर इशारा लागतो: अल्कली आहे, डोळ्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, मुलांच्या हाती देऊ नका. त्या बाईने शॅम्पू काढून घेतला, इशारा खरवडला, पानाचं चित्र चिकटवलं आणि 38 पाउंडांना विकलं. स्वस्तातलं शोधायला गेले आणि पाचपट पैसे मोजून आले.

आता ते तीन पाउंड. कार्डने दिले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत, मागता आला असता, वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही म्हणून. (क्रेडिट कार्डाचं कलम 75 म्हणून जे संरक्षण सांगतात ते 100 पाउंडांच्या वरच्या खरेदीला असतं, आमच्यासारख्यांच्या डब्यांना नाही.) ट्रान्स्फरला चार्जबॅक नाही. 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून करवून घेतलेल्या ट्रान्स्फरचे पैसे बँकांनी परत द्यायचे असा नियम इथे आला आहे, कमाल 85,000 पाउंड. पण त्यातून पहिले 100 पाउंडांपर्यंत कापून घ्यायची बँकेला मुभा आहे, आणि वस्तू हातात आली पण खराब निघाली तर तो तुमचा आणि विक्रेत्याचा वाद. बँकेतला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “तुम्हाला डबी मिळाली ना, मॅडम?” मिळाली, बाबा.

त्या बाईला फोडांचे फोटो पाठवले. तिचं उत्तर: “डिटॉक्स होतंय सिस, घाण बाहेर पडतेय.” नंतर ब्लॉक. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनला तक्रार दिली, ती पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते. त्यांनी सांगितलं म्हणून डबी, स्टिकर, पार्सलचा कागद, चॅट असं सगळं जपून ठेवलंय. एवढं मात्र करा. संतापाने डबी कचऱ्यात टाकलीत की हातात काही उरत नाही.

युक्ती काही नवी नाही. 1994 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर लांबलचक जाहिराती करून ‘रिओ’ नावाचं केस मोकळे करणारं उत्पादन विकलं गेलं. तेही म्हणे ब्राझीलच्या जंगलातलं, नैसर्गिक, केमिकल-फ्री. बायकांचे केस तुटले, झडले, काहींचे हिरवे झाले. तिथल्या एफडीएकडे 3,000 हून जास्त तक्रारी गेल्या. तो माल अल्कली नव्हता, उलट आम्ल होता. म्हणून माझ्या हळदीवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. साध्या साबणानेही हळद लाल होते, आणि आम्ल किंवा दुसरं काही असेल तर ती पिवळीच राहील. मिसळायच्या दोन बाटल्या, हातमोजे, मिनिटांची मर्यादा, यांकडे आधी बघा.

केसांचं सांगायचं तर कपाळावरचे आणि उजव्या बाजूचे केस आधी मऊ लोंबकळले. मी क्षणभर, खोटं कशाला बोलू, खूश झाले. मग आठवड्याभरात उशीवर तुकडे दिसू लागले. शेवटी ती बाजू कापावी लागली. लेक शाळेत टोपी घालून गेली.

नाना परत आल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी डबी हुंगली, बाजूला ठेवली, रिडली रोडच्या बाजारात गेल्या आणि काळ्या दोऱ्याचं एक रीळ घेऊन आल्या. दीड पाउंड.

ओल्या केसांत दोन पाउंडवालं साधं कंडिशनर. आठ भाग. बोटांनी आधी गुंता सोडवायचा, टोकाकडून मुळाकडे, मग रुंद दातांचा कंगवा. थोडे दमट असतानाच तळहातावर चोळून विरघळवलेलं शिया, ज्याला त्या ‘न्कुतो’ म्हणतात, मळकट पांढरं आणि जरासं धुरकट वासाचं. किलोभर नऊ पाउंडांना येतं, पाच-सहा महिने पुरतं. मग एकेका भागाला मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत जायचा, डोक्यावर अँटेना उभ्या राहिल्यासारखे. सकाळी दोरा सोडला की केस लांब, मोकळे, मऊ. मला जे हवं होतं तेच, गंधकाचा एकही दुवा न तोडता. पाणी लागलं की पुन्हा स्प्रिंग. कराडला आजी वेणीत आगवळ घालायची, त्याचीच ही दूरची बहीण असावी असं मला दोरा धरताना वाटलं.

“कपाळ ताणलं तर सांग,” नाना नातीला दर दोन मिनिटांनी म्हणतात. दुखलं की सोडतात आणि पुन्हा सैल गुंडाळतात. उशीला माझ्या जुन्या साटिनच्या परकराची खोळ शिवली आहे, म्हणजे केस घासत नाहीत. व्हिडिओ कॉलवर आईने अँटेना बघितल्या आणि विचारलं, “हे कसलं गं?” आता लेकच उत्तर देते.

परवा शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर एकीने फोटो टाकला: कुणी वापरलंय का हे? डबी तीच, बाटली तीच, पानाचं चित्र तेच. नाव मात्र नवीन आणि किंमत 45. मी तिला माझ्या बशीचा फोटो पाठवला. पांढरं क्रीम आणि मधोमध लाल.

तिने विचारलं, “हे काय आहे?” म्हटलं, फोन कर, सांगते.