मुंबईत नवीन असाल आणि मराठी अक्षर बरं असेल तर रायटर म्हणून जाऊन बघा

आधी स्टार देऊन टाकते, रायटर म्हणून दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे पेपर लिहून द्यायच्या कामाला ५ पैकी ४. एक का कापला ते खाली येईलच.

मी मूळची परभणीची, नोकरी अंधेरी एमआयडीसीत, राहायला पीजी. मुंबईत नवीन माणसाला जो तो एकच सल्ला देतो की एखादं एनजीओ जॉइन कर, ओळखी होतील. नेटवर शोधलं की सगळीकडे तीच यादी, बीच साफ करा, जेवण वाटा, मुलांना शिकवा, कुत्र्यांना सांभाळा. पण बाहेरून आलेल्या, शहरात कुणालाच न ओळखणाऱ्या माणसाला यातलं काय झेपतं आणि कशात मन लागतं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा रिव्ह्यू.

वर्सोवा बीच बद्दल तुम्ही ऐकलंच असेल. तिथली सफाई अफरोझ शाह या वकिलानं २०१५ मधे सुरू केली, २०१६ ला युनोचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला, २०१८ मधे तर तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. काम एक नंबर आहे. वाळूतून कापडाचं एक टोक दिसतं म्हणून ओढायला जावं तर ओढतच राहायचं, शेवटी अख्खी साडी बाहेर निघते. पण नवीन माणसाच्या दृष्टीनं सांगायचं तर बहुतेक जण आपापल्या ग्रुपने येतात, मान खाली घालून काम करतात आणि ऊन चढलं की पांगतात. त्यात गैर काही नाही, फक्त ओळखीपाळखीच्या आशेनं जाऊ नका. आणि दुसऱ्या एका ठिकाणी (नाव नको) गेले तर आधी टीशर्टचा साइज विचारणारा फॉर्म, मग बॅनर, मग फोटो, मग पाहुण्यांची वाट, झाडू हातात आला तेव्हा निघायची वेळ. ते शून्य स्टार.

जेवण वाटपात रॉबिन हूड आर्मी चांगली आहे. २०१४ ला दिल्लीत सुरू झाली, पैसे कुणाकडूनच घेत नाहीत, हॉटेलातलं उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि गरजू लोकांपर्यंत पोचवायचं. टीम एरियाप्रमाणे असतात त्यामुळे तीच तीच माणसं परत भेटतात. मित्र हवे असतील तर हेच करा, मी पुढं जाते कारण मला खरं सांगायचंय ते रायटरबद्दल.

रायटर म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा पेपर लिहून देणारा, कागदोपत्री लेखनिक. ते बोलणार, आपण लिहायचं. मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं सेंटर एक्सआरसीव्हीसी (२००३ पासून आहे), वरळीची नॅब म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही मोठी नावं, तिथं चौकशी करता येते, पण प्रत्यक्षात बरंच काम व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं. मेसेज येतो, तारीख, वेळ, विषय, माध्यम, कॉलेज. ज्याला जमेल तो "मी आहे" टाकतो. इंग्लिश मीडियमच्या मेसेजला पटापट उत्तरं येतात, मराठीचा मेसेज मात्र दोन-दोन दिवस तसाच पडून राहतो. एक तर ग्रुपमधे बरेच अमराठी, आणि जे मराठी आहेत त्यातल्या निम्म्यांना मोबाइलवर टाइप करायची इतकी सवय झालीये की हातानं देवनागरी पानभर लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. आपल्याकडून झेडपीच्या शाळेत शिकून आलेल्या पोरा-पोरींना इथं फुल डिमांड आहे. मुंबईत आल्यापासून इंग्रजीवरून टोमणे ऐकले असतील तर हा बदल फार बरा वाटतो, खोटं कशाला बोलू.

नियम आधी समजून घ्या. २०१८ च्या केंद्राच्या गाइडलाइनप्रमाणे विद्यार्थी स्वतःचा रायटर आणत असेल तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागायचं, आता किती कमी लागतं ते विचारून घ्या. दहावीच्या मुलाचा पेपर मी ग्रॅज्युएट होऊन लिहू शकत नाही, तिथं खालच्या वर्गातलं पोरगंच लागतं. म्हणून माझ्यासारख्यांच्या वाट्याला जास्त करून एम.ए. वाले. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तासांचा. बोटांचं काय होतं ते विचारू नका.

आता खरा अनुभव. मी जिचे पेपर लिहिते ती एम.ए. राज्यशास्त्र करते, नाव सांगत नाही. मी तिला तू म्हणते, ती मला ताई. पेपर हातात आला की आधी सगळे प्रश्न माझ्याकडून दोनदा वाचून घेते, मग कुठला आधी ते ठरवते, मग सुरू. आणि बोलते म्हणजे एक्स्प्रेस. पंचायत राजचा प्रश्न होता, ७३वी घटनादुरुस्ती, १९९२ ला झाली, एप्रिल १९९३ पासून लागू, सगळं धडाधड सांगत गेली आणि मधेच एका ठिकाणी त्र्याहत्तरच्या जागी चौऱ्याहत्तर म्हणाली. चौऱ्याहत्तरावी शहरांची, नगरपालिकांची. मला माहिती होतं. पण रायटरनं बोलायचं नसतं, भुवई उडवून उपयोग नाही, खाकरणं म्हणजे कॉपी. लिहिलं तसंच. पुढं अर्धं पान गेल्यावर तीच थांबली, "ताई जरा मागं जा, मी तिथं चौऱ्याहत्तर म्हणाले का? खोड ते." माझा जीव भांड्यात पडला. शुद्धलेखन मात्र सगळं आपल्या माथी, ती फक्त उच्चारते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मार्क तिचे जाणार, ते टेन्शन माझ्या स्वतःच्या बोर्डालासुद्धा नव्हतं.

शहर कळायचं म्हणाल तर तेही इथंच. कीर्ती, रुईया, रुपारेल असं कुठं कुठं सेंटर पडतं. दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३ च्या डिसेंबरमधे बदलले, वेस्टर्न १ ते ७ आणि सेंट्रल ८ ते १४, तरी जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात आणि आपण पुलावर भोवऱ्यासारखे फिरतो. हिला दोन्ही पाठ. प्लॅटफॉर्मवर एका जागी टिट-टिट वाजत असतं ना, मी समजत होते काहीतरी बिघडलंय, तर तिनं सांगितलं की अपंगांचा डबा तिथं येतो, आम्ही त्या आवाजावर उभे राहतो. पेपर झाला की कीर्तीजवळचा वडापाव, वर चुरा मागून घ्यायचा, हे पण तिचंच शिक्षण.

एक स्टार कापला त्याची कारणं. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा वर्किंग डेला असतात, म्हणजे आपली सुट्टी जाते (बँकेच्या, एमपीएससीच्या बऱ्याचदा शनिवार-रविवारी येतात, जॉबवाल्यांनी त्या धरा). बरेच मेसेज आदल्या रात्री दहाला, कारण ठरलेला रायटर ऐनवेळी फिरला. तुम्ही फिरू नका, समोरच्याचं वर्ष जातं. एका कॉलेजात आम्हाला स्टाफरूमच्या बाहेर पॅसेजमधे बसवलं, शेजारी कूलर, त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा, आणि सुपरवायझर डोक्यावर उभे, जसं काही आम्ही दोघी मिळून खजिना लुटतोय. ट्रेनिंग म्हणाल तर माझ्या वाट्याला पाच मिनिटांचा फोन आला. सर्टिफिकेट, टीशर्ट, फोटो यासाठी जाणार असाल तर जाऊच नका, परीक्षेच्या हॉलमधे फोन बाहेर ठेवावा लागतो.

सीझन साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. बाकी वेळेला पुस्तकं रेकॉर्ड करून द्यायचं काम असतं, ते घरबसल्या होतं, फक्त पीजीत पंखा बंद करायला रूममेट तयार पाहिजे. जाताना आधार कार्ड, पासपोर्ट फोटो, एकाच शाईची तीन-चार पेनं, पाण्याची बाटली न्या, आणि विद्यार्थ्याला आदल्या दिवशी फोन करून रायटरच्या फॉर्मवर कॉलेजची सही-शिक्का झालाय का ते विचारा. वर्षभरात हातानं काही लिहिलं नसेल तर आधी चार दिवस वर्तमानपत्रातला अग्रलेख बघून उतरवून काढा, दुसऱ्या पानाला मनगट काय म्हणतं ते कळेल.