ओमेगा-३, व्हिटॅमिन डी आणि लोह : ऑटिझम असलेल्या लेकासाठी दहा महिने वापरून

माझा लेक सहा वर्षांचा आहे. साडेतीनव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. बोलणं जेमतेम, कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसायचा, आणि रात्री तीन-तीनदा उठायचा. झोपेतही पाय झाडत राहायचा. गेल्या जुलैत थेरपी सेंटरच्या बाकावर एका आईकडून सप्लिमेंटच्या पॅकेजची माहिती मिळाली. ओमेगा-३ चं सिरप (म्हणजे फिश ऑइल), बी-६ आणि मॅग्नेशियमची पावडर, प्रोबायोटिक, व्हिटॅमिन डीचे थेंब. महिन्याला ६,८०० रुपये. विकणारा फोनवर म्हणाला, "वहिनी, तीन महिन्यांत पोरगं घडाघडा बोलतंय बघा." मी त्याच दिवशी पैसे पाठवले.

पहिल्याच महिन्यात लेक "पाणी दे" म्हणाला. पहिल्यांदाच दोन शब्द जोडून. मी रडले, घरात सगळ्यांना सांगितलं, सेंटरवर आणखी दोन आयांना नंबर दिला. त्या दोघींची मी नंतर माफी मागितली. कारण जूनपासून त्याची स्पीच थेरपी आठवड्यातून एकऐवजी तीनदा होत होती, शाळाही नुकतीच सुरू झाली होती, आणि हे सगळं विसरून मी श्रेय बाटलीला दिलं होतं.

सप्टेंबरात बालरोगतज्ज्ञांना सगळे डबे नेऊन दाखवले. त्यांनी पावडरच्या डब्यामागचे आकडे मोजले. दिवसाला दोन चमच्यांत ५० मिलिग्रॅम बी-६ जात होतं. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकेत ठरवलेली कमाल मर्यादा ४० आहे, आणि जास्त बी-६ महिनोन् महिने पोटात गेलं की हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. पावडर तिथेच बंद. प्रोबायोटिकने पोटात किंवा वागण्यात फरक दिसला नव्हता, तेही थांबवलं.

ओमेगा-३ सोडवेना. नवरा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कास्टिंग तपासतो. तो म्हणाला, "कुठली बॅच कुठल्या भट्टीची हे आधी कळलं की डोळे तेच शोधतात. तुला माहीत नसेल तरच खरं कळेल." मग त्याने दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीत सिरप, दुसरीत शेंगतेल, दोन्हींत लिंबाचा तोच इसेन्स. रात्री तोच पाजायचा, मी स्वयंपाकघरात थांबायचे. सहा आठवडे एक, सहा आठवडे दुसरी. फिश ऑइलचा अंश शरीरातून उतरायला आठवडे लागतात, म्हणून दर टप्प्याचे शेवटचे तीनच आठवडे जमेला धरायचे. मी वहीत रोज लिहायचे : किती वाजता झोपला, किती वेळा उठला, किती वेळा कान दाबले, नवा शब्द कोणता. शाळेतल्या बाईंनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं.

जानेवारीत नवऱ्याने कोणत्या टप्प्यात काय होतं ते सांगितलं. माझ्या वहीत दोन्ही सारखेच होते. एका मुलावरचा घरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही (आधीचे प्रयोग एकत्र तपासणारा अभ्यास) ऑटिझमसाठी ओमेगा-३ उपयोगी असल्याचा आधार सापडला नव्हता. त्यात प्रयोग दोनच होते आणि मुलं मिळून ३७. आणि आईबापाचं मन कसं धावतं पाहा : १९९९ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेल्या मुलांवर सिक्रेटिन नावाच्या हार्मोनच्या इंजेक्शनची तुलना मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी केली. फरक निघाला नाही. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिन हवंच होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही, जुलैत मी तीच होते.

आता खरी गोष्ट. झोपेचं ऐकून डॉक्टरांनी सप्टेंबरातच रक्त तपासायला लावलं होतं. हिमोग्लोबिन ११.६, म्हणजे रिपोर्टवर काही खूण नाही. पण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ९. पाच वर्षांपुढच्या मुलांत १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. साठा कमी असला की झोपेत पाय झाडणं, सारखी चुळबुळ हे होऊ शकतं. डॉक्टरांनी विचारलं, खातो काय? भात, कोरडी चपाती, बिस्कीट. आणि दूध? दिवसाला जवळजवळ लिटरभर, म्हशीचं. दुधात लोह नावापुरतंच, आणि त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. पोट दुधानेच भरत होतं.

घरी सांगितल्यावर सासूबाई चिडल्या. "कोल्हापुरात ऱ्हाऊन पोराचं दूध तोडतीस व्हय?" त्यांचंही बरोबर होतं, तांबडा-पांढरा रस्सा सोडा, भाजीकडे बघायलाही जो तयार नाही त्याच्या तोंडात जाणारं तेवढंच होतं. आम्ही तोडलं नाही. हळूहळू दोन कपांवर आणलं, दोन्ही जेवणापासून लांब. लोहाचं सिरप डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं. ड्रॉपरने गालाच्या आत सोडायचं, नाहीतर दात काळे पडतात. बरोबर लिंबाचं पाणी. शौचाला काळं झालं, पहिले पंधरा दिवस बद्धकोष्ठ झाला. बाटली मात्र कुलुपात ठेवा. लोह जास्त गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं, आणि तपासल्याशिवाय ते द्यायचं नाही.

डिसेंबरात फेरिटिन ४१. पाय झाडणं ऑक्टोबरातच कमी होत गेलं होतं, त्यामुळे दोन्ही बाटल्यांच्या टप्प्यांत झोप सारखीच सुधारलेली होती. रात्री तीनदाऐवजी क्वचित एकदा उठतो. झोप झाली की सकाळी थेरपीत बसतो, नाहीतर पूर्वी डोळे चोळत निघून जायचा. कुकरची शिट्टी अजून सहन होत नाही, कान दाबतोच.

व्हिटॅमिन डी १४ होतं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे ६०,००० युनिटची पुडी दिली, मग बंद. ती हाडांसाठी. डीने ऑटिझमची लक्षणं कमी होतात असं सांगणारा इजिप्तमधला एक प्रयोग खूप गाजला होता, तो नियतकालिकाने २०१९ मध्ये मागे घेतला.

झोपेसाठी मेलाटोनिनचंही विचाराल. आम्हाला गरज पडली नाही. मुलांच्या झोपेवर त्याचा आधार या सगळ्यांत चांगला आहे, पण ते हार्मोन आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ गमीज (चघळायच्या गोळ्या) तपासल्या, २२ वर छापलेलं प्रमाण चुकीचं निघालं. डॉक्टरांशिवाय नको.

पॅकेजवाल्याचा मार्चमध्ये पुन्हा फोन आला. त्याला फेरिटिनचे दोन्ही आकडे सांगितले. त्याने विषय बदलला.

त्या ६,८०० मधून आता आठवड्याला एक जास्तीची स्पीच थेरपी होते. रविवारी सासूबाई त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेतात, अर्धाच ग्लास पाजतात. गेल्या रविवारी तिथे तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आजी, अजून दे." आणि त्यांनी दिलं.