सात महिने, दहा बॅचेस: ३५ लिटरच्या इलेक्ट्रिक ब्रूइंग केटलचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये फोंड्याच्या घरी बिअर करायला ही केटल आणली. ३५ लिटर, २५०० वॅट, आत मॉल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) जाळीदार बास्केट, खाली पाणी वर नेऊन पुन्हा मॉल्टवर सोडणारा छोटा पंप. पहिल्या चार बॅचेस पाणचट झाल्या. दोष मॉल्टला दिला, यीस्टला दिला, शेवटी केटल परत करायचं ठरवलं. आज ती विकायला कोणी सांगितलं तर मी देणार नाही. मधल्या काळात काय कळलं ते सविस्तर लिहितो, कारण नवीन माणूस नेमका इथेच हिंमत सोडतो.

पुस्तिकेतला तक्ता सांगत होता: साडेचार किलो पेल मॉल्टला एकूण २८ लिटर पाणी घाला, उकळून निवल्यावर २० लिटर वॉर्ट, म्हणजे मॉल्टचं गोड पाणी, उरेल, ग्रॅव्हिटी १.०४८ (पाण्याची १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). माझ्याकडे उरलं २२ लिटर आणि ग्रॅव्हिटी १.०४०. मी फक्त त्या १.०४० कडे बघत बसलो.

डोळे उघडले ते मामामुळे. सत्तरी तालुक्यात त्याची काजूची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी आहे. माझी तक्रार ऐकून तो म्हणाला, "अरे, किती घातलंस नि किती उतरलं ते आधी सांग. ग्राव मागाहून बघू." ग्राव म्हणजे दारूच्या कडकपणाचं माप. फेणीवाला माणूस, बिअर त्याने कधी केली नाही, पण प्रश्न बरोबर तोच होता.

घरी येऊन हिशेब मांडला. ग्रॅव्हिटीचे शेवटचे आकडे गुणिले लिटर, म्हणजे वॉर्टमध्ये उतरलेली एकूण साखर. तक्त्याप्रमाणे २० गुणिले ४८, म्हणजे ९६०. माझी २२ गुणिले ४०, म्हणजे ८८०. तीच ८८० वीस लिटरात असती तर ग्रॅव्हिटी १.०४४ आली असती. म्हणजे तूट आठ अंशांची, त्यातले चार नुसत्या जास्तीच्या पाण्यामुळे गेले आणि चार खरोखर मॉल्टमध्येच राहिले. दोन वेगळे आजार, आणि मी दोन्हींना एकच औषध देत होतो: दर वेळी मॉल्ट वाढवत होतो.

आधी पाणी. तक्त्यात धरलं होतं की मॉल्ट किलोमागे एक लिटर पाणी पिऊन ठेवेल आणि तासाभरात साडेतीन लिटर वाफ होईल. मी बास्केट अर्धा तास निथळत ठेवतो, त्यामुळे माझं मॉल्ट किलोमागे ०.८ लिटरच धरतं. आणि वाफ? ती फक्त सव्वादोन लिटर होत होती. याचं उत्तर केटलमध्ये नव्हतं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये होतं. संध्याकाळी सातला आमच्याकडे मीटर लावून पाहिलं तर १९० व्होल्ट. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २३० ला २५०० वॅट देणारी कॉइल १९० ला जेमतेम १७०० देते. एक लिटर उकळतं पाणी वाफ करायला साधारण ०.६३ युनिट वीज लागते, त्यावरून तूट सहज समजते. आता मी पहाटे पाचला उकळी लावतो. तेव्हा २२८ व्होल्ट मिळतात, तासाला ३.३ लिटर उडतं, आणि २८ ऐवजी २७ लिटर घेऊन बरोबर २० वर पोचतो.

केटलवरच्या लिटरच्या खुणा मात्र चोख आहेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक किलो पाणी तोलून ओतलं आणि तपासल्या. एवढं लक्षात ठेवा की उकळतं वॉर्ट फुगलेलं असतं, निवल्यावर साधारण चार टक्के कमी भरतं. ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटरही बहुधा २० अंश तापमानासाठी असतो. आपल्याकडे वॉर्ट ३१ च्या खाली नळाच्या पाण्याने निवतच नाही, तेव्हा वाचनात ०.००३ मिळवा. भाटीवरची ग्राव मोजायची काच इथे चालत नाही, ती दारूसाठी असते.

मग साखर. मूठभर दळलेलं मॉल्ट पांढऱ्या कागदावर पसरलं तर कितीतरी दाणे अख्खे. दुकानदाराला एक मिलिमीटरच्या फटीतून पुन्हा काढायला सांगितलं. सहाव्या बॅचला २० लिटर, १.०४९. खूप आनंद झाला! सातव्या वेळी मात्र मी आणखी बारीक मागवलं आणि बास्केट तुंबली, वॉर्ट जास्तीचं खाली सोडणाऱ्या मधल्या नळीतून वरून खाली पडू लागलं, दाण्यांतून झिरपेचना. भातगिरणीतून तुसं आणली, धुऊन दोन मुठी मिसळली, आता तुंबत नाही. मिक्सरवर मॉल्ट दळू नका, सालींचं पीठ होतं.

केटलबद्दल एक खरी नाराजी: तापमानाचा सेन्सर तळाशी आहे. मॉल्ट गरम पाण्यात भिजत असताना पडद्यावर ६६ अंश दिसतं तेव्हा बास्केटच्या मधोमध माझ्या थर्मामीटरने ६२ दाखवलं. दर पंधरा मिनिटांनी ढवळल्यावर फरक एका अंशावर आला. कंपनीने हे पुस्तिकेत लिहायला हवं होतं. पंपाची जाळीही दर बॅचनंतर उघडून धुवावी लागते.

ओपा जलप्रकल्पाचं नळाचं पाणी मी आदल्या रात्री उघड्या भांड्यात ठेवतो, क्लोरीन बरंचसं जातं.

घ्यायची असेल तर १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग आधी करून घ्या, एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. पहिल्या दिवशी मॉल्ट न घालता नुसतं पाणी तासभर उकळा आणि किती उडालं ते वहीत लिहा. मी हे पाचव्या बॅचनंतर केलं.