डेव्हऑप्स आणायचं ठरलं, पण कोणत्या वाटेनं? मोठ्या कंपन्यांसाठी एक तुलना

ज्या विमा कंपनीत मी बरीच वर्षं काढली, तिथे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचं रिलीज असायचं. अकराला ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीमचा एकत्र फोन, सुरू व्हायचा आणि सगळ्यांसमोर एकच एक्सेल शीट उघडलेली असायची. १४३ ओळी. प्रत्येक ओळीपुढे काम, करणाऱ्याचं नाव, वेळ आणि 'झालं' लिहायचा रकाना. एका शनिवारी पहाटे तीनच्या सुमारास सत्त्याऐंशीव्या ओळीवर घोडं अडलं. प्रीमियम काढणारी सर्व्हिस सुरूच होईना. पाऊण तासानं कळलं की कॉन्फिग फाइलमध्ये टेस्ट डेटाबेसचा पत्ता तसाच राहिलाय. ती फाइल लिहिणारा मुलगा कॉलवर नव्हता, कारण त्याच्या टीमचं काम टेस्टिंगची सही मिळाली की संपायचं. ऑपरेशन्सच्या मंडळींना ती फाइल कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक आणि कष्टाळू होती. तरी सकाळी सहाला रोलबॅक करून जुनी आवृत्ती परत आणावी लागली.

डेव्हऑप्सचा सगळा खटाटोप कोड लिहिणारे (डेव्हलपमेंट) आणि तो चालवणारे (ऑपरेशन्स) या दोन टोकांमधली दरी बुजवण्यासाठी आहे. २००९ च्या जूनमध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितलं, की आमच्याकडे डेव्हलपर आणि ऑपरेशन्स एकत्र बसतात आणि आम्ही दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीवर, बदल टाकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेबोआ यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात पहिली 'डेव्हऑप्सडेज' परिषद भरवली आणि नाव रूढ झालं. पण फ्लिकरची टीम लहान होती. तुमच्याकडे आयटीत हजारभर माणसं, शंभरेक ॲप्लिकेशन्स, तीन व्हेंडर आणि डोक्यावर ऑडिट असेल, तर तीच गोष्ट जशीच्या तशी उचलता येत नाही. अशा ठिकाणी मला प्रत्यक्षात तीन मांडण्या दिसल्या आहेत: वेगळी डेव्हऑप्स टीम, 'जो बांधेल तोच चालवेल', आणि प्लॅटफॉर्म टीम. तुलना करताना मी एकच प्रश्न धरून बसतो. रात्री तीनला फोन कोणाला जातो, आणि उचलणाऱ्याच्या हातात दुरुस्तीचा अधिकार असतो का?

वेगळी डेव्हऑप्स टीम

सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत जास्त निवडली जाणारी वाट. नवा विभाग काढायचा, एक हेड नेमायचा, दहा-पंधरा जाणकार घ्यायचे. बजेटमध्ये बसतं, ऑर्ग चार्टवर दिसतं, कुणाची खुर्ची हलत नाही. सहा महिन्यांत जेनकिन्स या टूलच्या पाइपलाइन (कोड तपासून आपोआप प्रॉडक्शनवर नेणाऱ्या साखळ्या) उभ्या राहतात, सर्व्हरची मांडणी कोडमध्ये येते, हातानं फाइल चढवणं थांबतं.

एवढाही फायदा कमी नाही. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ब्रोकर कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, त्यातल्या एकावर चढवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला त्या एका सर्व्हरवरचा जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीनं ४४ कोटी डॉलरच्या आसपास गमावले. बदल चढवायचं काम यंत्राकडे दिलं तर अशी चूक होण्याची वाट बरीच बंद होते, आणि हे तिन्ही मांडण्यांत मिळतं.

पण रात्रीचा फोन? आधी दोन टीम एकमेकींवर काम ढकलत होत्या, आता तीन झाल्या. डेव्हलपर म्हणतो, पाइपलाइन तुटली, डेव्हऑप्सला विचारा. डेव्हऑप्स म्हणते, कोडच फुटलाय. ऑपरेशन्सवाले दोघांसाठी तिकीट (तक्रारीची नोंद) उघडून बसतात. वर्षभरात या नव्या टीमच्या दारात तिकिटांची रांग लागते, आणि जिथे वाट पाहणं कमी व्हायला हवं होतं तिथेच ती वाढते. ही वाट घ्यायची तर पहिल्याच दिवशी टीमची मुदत ठरवा. दीड वर्ष, फार तर दोन. त्या काळात तिनं इतरांना शिकवायचं आणि मग आपली माणसं प्रॉडक्ट टीममध्ये वाटून टाकायची. मुदत न घातलेली अशी टीम स्वतःहून विरघळल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

एका परिस्थितीत मात्र मी हीच वाट सुचवेन. तुमचा बहुतेक कारभार विकत घेतलेल्या पॅकेजवर असेल, तिमाहीला एकदाच व्हेंडरचं नवं व्हर्जन येत असेल आणि घरचा कोड जेमतेम असेल, तर यापुढे जाण्यात हशील नाही.

जो बांधेल तोच चालवेल

ॲमेझॉनचे सीटीओ वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मधल्या एका मुलाखतीत हे सूत्र मांडलं. कोड लिहिणारी टीमच तो प्रॉडक्शनवर टाकते, तिथे सांभाळते आणि रात्रीचा फोनही तीच उचलते.

यानं माणसाच्या हाताला काय वळण लागतं ते मी जवळून पाहिलंय. आमच्या क्लेम्सच्या टीमला हे काम दिलं तेव्हा लॉगमध्ये (प्रणाली आपोआप करते त्या नोंदींत) एकच ओळ यायची: 'प्रक्रियेत त्रुटी'. टीममधल्या एका मुलीला पहिल्याच आठवड्यात पहाटे दोनला फोन आला आणि या ओळीवरून तिला दीड तास काही सापडेना. सोमवारी तिनं कुणी न सांगता ती ओळ बदलली. आता तिथे क्लेम नंबर यायचा, कोणत्या सर्व्हिसनं उत्तर दिलं नाही ते यायचं, आणि आधी काय तपासायचं तेही. पुढच्या फोनला तिच्या सहकाऱ्याला दहा मिनिटं लागली. कुठल्याही प्रशिक्षणानं हे झालं नसतं.

मग सगळे असंच का करत नाहीत? कारण मोठ्या कंपनीत चार ठिकाणी अडतं.

पहिलं, एचआर. रात्रपाळीच्या ऑन-कॉलला भत्ता किती, दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा आहे का, एका माणसावर महिन्यात किती आठवडे, हे लिहून ठेवलेलं नसेल तर सहा महिन्यांत चांगली माणसं राजीनामे देतात. हा भाग किरकोळ समजू नका.

दुसरं, ऑडिट. बँका आणि विमा कंपन्यांत कोड लिहिणारा आणि तो प्रॉडक्शनवर टाकणारा वेगळा हवा, हा नियम पाचवीलाच पुजलेला. पण त्यामागचा हेतू एवढाच की एकट्या माणसाला गुपचूप बदल करता येऊ नये. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कोड पुढे सरकणार नाही, प्रॉडक्शनवर पाइपलाइन सोडून कुणाला थेट प्रवेश नाही, आणि कोणी कधी काय मंजूर केलं याची नोंद आपोआप राहते, अशी रचना केली तर तो हेतू एक्सेलमधल्या सह्यांपेक्षा चांगला साधतो. ऑडिटरना सुरुवातीपासून बरोबर घ्या. आमच्या ऑडिटर बाईंनी पाइपलाइनची नोंद पाहिल्यावर स्वतःहून जुना फॉर्म बंद करायला सांगितलं.

संथ कंपनी सुरक्षित असते हा समज मात्र सोडायला हवा. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन नवे ग्राहक घेण्यास आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यास मनाई केली, तेव्हा आयटीतल्या ज्या उणिवा नोंदवल्या त्यांत पॅच आणि चेंज मॅनेजमेंटचा, म्हणजे दुरुस्त्या आणि बदल हाताळण्याच्या रीतीचा, उल्लेख होता. ते निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले. ब्रिटनच्या टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये लाखो ग्राहकांचा डेटा एका दमात नव्या प्रणालीवर नेला आणि १९ लाख ग्राहक आपल्या खात्यांबाहेर अडकले. पुढे दंड झाला सुमारे ४ कोटी ८७ लाख पौंडांचा. साठवून साठवून केलेला मोठा बदल लहान बदलापेक्षा जास्त घातक असतो. निकोल फॉर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मधल्या अभ्यासातही हेच दिसलं, की टीमबाहेरच्या समितीकडून मंजुरी घेतल्यानं बदलांचा वेग कमी होतो, पण फसणाऱ्या बदलांचं प्रमाण काही घटत नाही.

तिसरं, व्हेंडर. इथे आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचं खरं दुखणं आहे. डेव्हलपमेंट एका कंपनीकडे, सपोर्ट दुसरीकडे. सपोर्टचं बिल तिकिटांच्या संख्येवर किंवा माणसांच्या डोक्यांवर निघतं. मग तिकिटं कमी व्हावीत म्हणून ती कंपनी का झटेल? आणि डेव्हलपमेंटवाल्यांचा करार 'टेस्टिंग पास' इथे संपत असेल तर रात्री फोन उचलायला त्यांना सांगणार कोण? अशा ठिकाणी कितीही कार्यशाळा घ्या, नव्याचे नऊ दिवस. करार नूतनीकरणाला येईल तेव्हा एका ॲप्लिकेशनचं बांधणं आणि चालवणं एकाच हाती द्या, आणि बिल सेवेच्या उपलब्धतेशी बांधा. डेव्हऑप्सचा निर्णय घेणाऱ्यानं खरेदी विभागाशी टूल विकणाऱ्यांच्याही आधी बोलावं असं मी कळकळीनं सांगेन.

चौथं, पुनरावृत्ती. साठ टीम असतील तर साठ प्रकारच्या पाइपलाइन, साठ प्रकारचं मॉनिटरिंग. प्रत्येक टीमला कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणारी प्रणाली), नेटवर्क, सिक्रेट्स (पासवर्ड आणि किल्ल्या सांभाळणं) सगळं शिकावं लागतं. चांगला विमा-सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आठवड्याचे दोन दिवस वायएएमएल या सेटिंग्जच्या फायलींत घालवतो.

प्लॅटफॉर्म टीम

ही वाट या चौथ्या अडचणीतून निघाली. एक टीम तयार रस्ता बांधते: पाइपलाइनचे साचे, मागितल्यावर मिनिटांत मिळणारं टेस्ट एन्व्हायर्नमेंट (चाचणीसाठीची वेगळी प्रणाली), लॉग आणि अलर्टची सोय. त्यावरून गाडी चालवते ती प्रॉडक्ट टीम, आणि रात्रीचा फोनही तिलाच. स्पॉटिफायनं याच कामासाठी बनवलेलं बॅकस्टेज हे सॉफ्टवेअर २०२० मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, त्यामुळे सुरुवात शून्यातून करावी लागत नाही.

पहिल्या वाटेशी गल्लत इथेच होते. कागदावर दोन्ही सारख्या दिसतात. फरक असा की डेव्हऑप्स टीमकडे तुम्ही काम करून मागता, प्लॅटफॉर्म टीमकडून स्वतः काम करता येईल अशी सोय मागता. तिकीट काढल्याशिवाय काही मिळत नसेल तर पाटी बदलली, दुकान तेच.

धोका दुसऱ्या बाजूनंही आहे. वापरणाऱ्यांना न विचारता दोन वर्षं भव्य प्लॅटफॉर्म बांधायचा आणि मग सर्वांवर सक्तीनं लादायचा, हे मी होताना पाहिलंय, आणि टीम चोरवाटा काढताना पाहिल्यात. डोरा या संशोधन गटाच्या २०२४ च्या अहवालात आतला प्लॅटफॉर्म वापरणाऱ्यांना आपली उत्पादकता वाढल्याचं जाणवलं, पण बदलांचा वेग आणि स्थिरता काहीशी घसरलेली दिसली. पहिल्या वर्षीच चमत्कार होईल असं बोर्डाला सांगू नका.

गूगलची एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग) पद्धत, म्हणजे सेवा चालू ठेवायचं काम सॉफ्टवेअर इंजिनिअरांकडे देणं, ही चौथी वाट म्हणून पुढे येते. बेन ट्रेनर स्लॉस यांनी २००३ मध्ये तिची सुरुवात केली. तशी माणसं मिळणं आणि टिकवणं अवघड, म्हणून ती पूर्ण घेऊ नका. एररचं बजेट, म्हणजे सेवा किती वेळ बंद राहिली तरी चालेल याची ठरलेली मर्यादा, मात्र जरूर घ्या. सेवा ९९.९ टक्के चालू राहील असं ठरवलं की तीस दिवसांच्या महिन्यात बंद राहायला ४३ मिनिटं मिळतात. ती संपली की नवी फीचर थांबवून दुरुस्ती. डेव्हलपमेंट आणि ऑपरेशन्सचा वाद एका आकड्यावर येतो.

माझा कल सरळ आहे. दहाच्या आत ॲप्लिकेशन्स असतील तर थेट दुसरी वाट. त्यापेक्षा जास्त असतील तर दोन उत्साही प्रॉडक्ट टीमना दुसऱ्या वाटेवर घाला, आणि त्यांना जे जे पुन्हा पुन्हा बांधावं लागलं त्यातूनच प्लॅटफॉर्म वाढवा. आधी प्लॅटफॉर्म आणि मग गिऱ्हाईक, असा क्रम नको.

ठरवण्याआधी एक काम स्वतः करा. सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतींवर लिहिणाऱ्या मेरी आणि टॉम पॉपेंडिक यांचा जुना प्रश्न आहे: एका ओळीचा बदल प्रॉडक्शनवर जायला तुमच्याकडे किती वेळ लागतो? असा एक खरा बदल घ्या आणि प्रत्येक टप्प्याची तारीख-वेळ कागदावर लिहीत त्याच्याबरोबर चाला. आमच्याकडे २३ दिवस लागले. प्रत्यक्ष काम सव्वा तासाचं. त्यातले ११ दिवस टेस्ट एन्व्हायर्नमेंट रिकामं व्हायची वाट पाहण्यात गेले, ६ दिवस बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज समितीच्या बैठकीसाठी आणि ४ दिवस दोन व्हेंडरांमध्ये ईमेल फिरण्यात. एन्व्हायर्नमेंटपाशी वेळ जात असेल तर प्लॅटफॉर्म हवा. समितीपाशी जात असेल तर आधी ऑडिट आणि मंजुरीची रीत बदला, एकही नवं टूल न घेता. आणि ईमेल फिरण्यात जात असेल तर कराराची फाइल काढा आणि तो कधी संपतोय ते बघा.