दहाचाकी ट्रकसाठी फास्टॅगचा वार्षिक टोल पास विकत घेऊ नका

वणी-घुग्घुसचा कोळसा नागपूर-बुटीबोरीकडे नेणाऱ्या गाड्या जाम गावाजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 ला लागल्या की पुढे बोरखेडीचा टोल ठरलेलाच. खेपेमागून खेप, त्यामुळे टोलमध्ये चार पैसे सुटत असतील तर कुठलाही मालक कान देतो. फसवणारा नेमकं तेच हेरतो: "3,000 रुपयांत वर्षभराचा पास, ट्रकलाही चालतो."

चालत नाही. 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झालेला तो पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. त्याची मुदत 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते.

तीन हजार बुडतात, पण खरा फटका नंतर बसतो. एजंट आरसीचा फोटो आणि मोबाइलवरचा ओटीपी मागतो. त्यावर गाडीच्या नंबरने नवा फास्टॅग निघाला, तर एका गाडीला एकच टॅग या नियमाने काचेवरचा जुना टॅग बंद पडतो. हातात येणारा टॅग कारच्या वर्गाचा असतो, कधी तर दुसऱ्याच कारचा. कारचा टॅग जांभळा असतो, तेवढ्यावरूनही तो ओळखता येतो. सुरुवातीला गाडी निघून जाते आणि मालक निर्धास्त होतो. पण लेनमधले सेन्सर एक्सल, म्हणजे चाकांचे आस, मोजतात. दहाचाकीसारखी तीन एक्सलची गाडी कारच्या टॅगवर गेली की ती नोंद तपासणीला लागते, फरक वसूल होतो, टॅग काळ्या यादीत जातो. मग भरलेली गाडी नाक्यावर उभी, आणि यूपीआयने भरलं तरी टोल सव्वापट.

वाईट याचं वाटतं, की ट्रकसाठी रीतसर सवलती आहेत आणि त्या कुणी सांगत नाही. 24 तासांत परतलात तर जाण्यायेण्याचे मिळून एका वेळच्या टोलच्या दीडपट. टॅगमधून तसेच कापले जातात. एका नाक्याचा महिन्याचा पास 50 फेऱ्यांचा (नाका एकदा ओलांडला की एक फेरी), दोन-तृतीयांश पैशांत. एका वेळचा टोल 300 धरला तर पास 10,000 चा. जाऊन-येऊन 22 खेपांचे 9,900 होतात, 23 चे 10,350. म्हणजे महिन्याला 23 खेपा होत असतील तरच पास काढा. नाक्याच्याच जिल्ह्यात नोंदलेल्या, नॅशनल परमिट (देशभर माल नेण्याचा परवाना) नसलेल्या मालगाडीला निम्मा दरही मागता येतो.

ओटीपी देऊन बसला असाल तर आधी बँकेकडून टॅग बंद करून घ्या, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. टोलच्या चुकीच्या कपातीसाठी महामार्ग हेल्पलाइन 1033. गाडीच्या नंबरवर कोणत्या बँकेचा टॅग चालू आहे, ते फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावर दिसतं.